वस्तीचा रस्ता आणि शहराचा आराखडा

दलित साहित्याने आणि दलित चळवळीने पाण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. मंदिराविषयी, शाळेविषयी, जमिनीविषयी लिहिले आहे. रस्त्याविषयी मात्र आपण फारसे लिहिलेले नाही. रस्ता हा सर्वांचाच असतो, त्याला जात नसते, तो बांधकाम खात्याचा विषय आहे, असे काहीतरी आपण गृहीत धरून चाललो आहोत. लहान शहरातील रस्ते आणि वाहतूक ह्यांचे नियोजन कसे होते, त्यात कोण मोजला जातो आणि कोण मोजला जात नाही, हे आपल्या वाचकांसमोर साध्या भाषेत मांडावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी इंजिनिअर नाही. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. ह्या विषयाकडे वळलो तो एका नकाशामुळे.

आमच्या नगरपालिकेने शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि हरकती मागवल्या. त्यानंतर एका संध्याकाळी वस्तीतील पाचसहा जण माझ्या घरी आले. त्यांत मोंढ्यात हमाली करणारे एक तात्या होते. त्यांनी झेरॉक्स केलेला नकाशा घडी उलगडून चटईवर पसरला आणि म्हणाले, "सर, ह्यात आपली वस्ती कुठं हाये ते तेवढं दाखवा." मी नकाशा सरळ धरला, आडवा धरला, चष्मा काढून पाहिला. रेल्वेलाईन सापडली, मोंढा सापडला, नदी सापडली. वस्ती सापडेना. ती जिथे असायला हवी तिथे एक कोरा तुकडा होता आणि त्या तुकड्यातून दोन समांतर रेघा गेलेल्या होत्या. रेघांच्या मधे '१८' असा आकडा लिहिलेला होता. घरात पदवी घेतलेला मी पहिला माणूस. शिकलेला म्हणून ही मंडळी माझ्याकडे आली होती, आणि मला त्या अठराचा अर्थ सांगता येत नव्हता.

तो अर्थ शोधता शोधता जे वाचले, जे कळले, ते येथे लिहितो आहे.

प्रथम जुनी गोष्ट. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींचे एक छोटे टिपण लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नावाने ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. आपण ते अस्पृश्यतेच्या अनुभवांचे कथन म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तेच टिपण पुन्हा एकदा प्रवासाचे टिपण म्हणून वाचून पाहावे. त्यातले दोन मोठे प्रसंग वाहनाचे आहेत. पहिला १९०१ सालचा. लहान भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. पुढचा प्रवास बैलगाडीचा. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालत यायचे, अशा अटीवर गाडी मिळाली.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर आहेत, प्राध्यापक आहेत, मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य आहेत. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावची बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार झाला नाही. मग तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने द्यायचा, टांगेवाल्याने यायचे नाही. वस्तीतल्या एकाने लगाम हातात घेतला. त्याने त्यापूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता, बाजूला अंतराअंतराने नुसते दगड बसवलेले होते. चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी नदीत पडली. त्यांचा पाय मोडला.

आज अशा घटनेचा पंचनामा झाला असता तर 'चालकाचा हलगर्जीपणा' एवढेच कारण नोंदवले गेले असते. पण कारणांची साखळी पाहा. वस्ती दोन मैल लांब, कारण ती गावाबाहेरच असायची. मधे नदी, कारण महारवाड्याची जागा बहुधा अशाच कडेला. मोरीला कठडा नाही, कारण त्या बाजूला जाणाऱ्यांसाठी तो बांधण्याची निकड कोणाला वाटली नाही. हाकणारा अडाणी, कारण जो हाकणारा तरबेज होता त्याने जातीमुळे नकार दिला. ह्यातली शेवटची कडी आता पुष्कळ तुटली आहे. रिक्षावाला आज जात विचारून बसवत नाही. निदान शहरात तरी नाही. परंतु पहिल्या तीन कड्या म्हणजे अंतर, अडथळा आणि कठडा. त्यांना नकार देण्यासाठी कोणी माणूस समोर उभा राहावा लागत नाही. त्या जमिनीतच रोवलेल्या आहेत. वाहतूक नियोजन म्हणजे मुख्यतः ह्याच तीन गोष्टींचे शास्त्र होय.

रस्त्यावर चालण्याच्या हक्कासाठी ह्या देशात लढा झालेला आहे, हेही आपण विसरतो. त्रावणकोर संस्थानात वैकोम येथे १९२४-२५ साली जो सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशाचा नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालू देण्याचा होता. वीस महिने चालला. शेवटी तडजोड झाली तेव्हा तीन बाजूंचे रस्ते खुले झाले आणि पूर्वेचा बंदच राहिला. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट ह्यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आला आहे, तो अशा अनुभवांतूनच. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातही रस्त्याचा व वाटेचा उल्लेख आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, लग्नात घोड्यावर बसण्यास किंवा वरात काढण्यास अडवणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहावे लागले. २०१५ साली! मोटारसायकलचा उल्लेख कायद्यात येतो ह्याचा अर्थ ती अडवली जात होती.

म्हणजे रस्त्यावर चालण्याचा हक्क कायद्याने दिला. पण रस्ता कोठून कोठे जाईल, किती रुंद होईल, त्याला कडेची वाट असेल की नसेल, तो कोणाच्या घरावरून जाईल, हे कायद्याने ठरत नाही. ते आराखड्याने ठरते. एक गंमत अशी की, ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, त्याच साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था निघाली. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत रस्त्यांची प्रतवारी ठरवली. ती आजही वापरात आहे. एकीकडे सार्वजनिक जागेचा लढा, दुसरीकडे रस्त्यांचे शास्त्र. दोन्ही एकाच देशात एकाच काळात वाढले, आणि एकाची दुसऱ्याशी गाठ पडली नाही.

आता ह्या शास्त्राचा पाया पाहू. रस्ता रुंद करायचा की नाही, सिग्नल लावायचा की नाही, हे ठरवण्यासाठी आधी वाहने मोजावी लागतात. चौकात माणसे बसतात आणि रेघोट्या मारतात. पण बस आणि सायकल सारखी कशी मोजायची? म्हणून प्रत्येक वाहनाचे रूपांतर मोटारीत करतात. मोटार म्हणजे एक. बाकीची वाहने रस्ता किती अडवतात त्या प्रमाणात त्यांना आकडा. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी जे कोष्टक दिले त्यात मोटारसायकलला अर्धा ते पाऊण, सायकलला ०.४ ते ०.५, बसला २.२ ते ३.७ असे आकडे आहेत. आणि हातगाडीला २ ते ३.

ह्या आकड्याशी मी बराच वेळ थबकलो. माझे वडील मोंढ्यात हातगाडी ओढत असत. त्या गाडीवर धान्याची पोती असत, आणि त्या पोत्यांच्या भाड्यावर आमची शाळा झाली. कोष्टकाच्या हिशेबात ते तीन मोटारींइतका अडथळा होते. इंजिनिअरांनी हे वाईट हेतूने लिहिलेले नाही. हातगाडी सावकाश जाते, मागची वाहने खोळंबतात, एवढेच त्यांना म्हणायचे आहे. आणि ते खरेही आहे. प्रश्न मोजमापाच्या एककाचा आहे. मोटार हे एकक धरले की रस्त्याचा हेतू मोटारीचा वेग हाच होतो आणि इतर प्रत्येक जण त्या वेगातली घट होतो. पन्नास माणसे घेऊन जाणारी एस. टी. तीन मोटारींइतकी 'जागा खाते', असे हे कोष्टक सांगते. ती पन्नास माणसे नेते, हे ते सांगत नाही. आणि पायी चालणारा? त्याला ह्या कोष्टकात ओळच नाही. तो वाहन नाही. त्याची मोजणी करायची तर वेगळी करावी लागते, आणि लहान शहरात ती वेगळी मोजणी करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

एकक बदलून पाहा. मोटारीऐवजी माणूस हे एकक धरा. मग चौकातून सकाळी किती वाहने गेली हे न विचारता किती माणसे गेली असे विचारावे लागेल. उत्तर लगेच बदलते. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले गेले. देशभरात पायी आणि सायकलने जाणारे मिळून तिसऱ्या हिश्श्याहून अधिक निघाले. मोटार, जीप, व्हॅनने जाणारे शंभरात तीनही नव्हते. त्यानंतर मोटारसायकली पुष्कळ वाढल्या आहेत, हे मान्य. तरीही जो शंभरात तिघांच्या आत होता तो एकक, आणि जो तेहतिसांच्या वर होता त्याला ओळ नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

मृत्यूच्या कोष्टकात मात्र पायी चालणाऱ्याला ओळ आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे मेली. त्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा आणि ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवाल्यांचा होता.

मोजणीची वेळ हाही विचार करण्यासारखा भाग आहे. वाहतुकीची मोजणी गर्दीच्या वेळेवर बेतलेली असते, म्हणजे सकाळी कचेऱ्या आणि शाळा भरण्याची वेळ, संध्याकाळी त्या सुटण्याची. पण आमच्या वस्तीतल्या सफाई कामगार बाया पहाटे पाचला निघतात. तेव्हा रस्त्यावर दिवे असतातच असे नाही आणि कुत्री मात्र असतात. मजूर अड्ड्यावर साडेसातच्या आत पोहोचावे लागते. मोंढ्यातली माणसे माल उतरून होईपर्यंत, कधी रात्री दहापर्यंत, परततात. ही सगळी ये-जा मोजणीच्या वेळेबाहेर पडते. एका मावशीला मी विचारले, रस्त्याचा सगळ्यात मोठा त्रास कोणता? ती म्हणाली, "खड्ड्याचं काही नाही सर, अंधाराचं बघा." रुंदीकरणाच्या कोणत्याही प्रस्तावात मला हा मुद्दा आढळला नाही.

लहान शहराची आणखी एक अडचण अशी की तेथे शहर बससेवा बहुतेक नसते. मोठ्या शहरातील वाहतुकीविषयी जे लिहिले जाते ते मेट्रो आणि उड्डाणपुलाविषयी असते. आमच्याकडे वाहतूक म्हणजे एस. टी., काळी-पिवळी, वडापच्या जीपा, रिक्षा आणि पाय. त्यांत एस. टी.चे स्थान वेगळे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ह्या मार्गावर पहिली गाडी धावली. आपल्या समाजाच्या दृष्टीने ह्या घटनेचा अर्थ अजून नीट सांगितला गेलेला नाही, असे मला वाटते. मसूरचा गाडीवान नाही म्हणू शकत होता. कंडक्टरला तसे म्हणता येत नव्हते. तिकिटावर जात लिहिलेली नसते. बाकावर शेजारी बसल्यावर सरकून बसणारे होते, उठून उभे राहणारेही होते, परंतु गाडी त्यांच्यासाठी थांबत नव्हती. खेड्यातून तालुक्याच्या शाळेत आणि वसतिगृहात जी आपली पिढी पोहोचली ती ह्याच लाल गाडीने पोहोचली. मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.त निम्मे भाडे झाले. बाया आता बाजाराला, दवाखान्याला, माहेरी अधिक जाऊ लागल्या आहेत, हे आमच्या स्थानकावर उभे राहिले तरी दिसते. पण सवलत तिकिटावर असते, आणि तिकीट गाडी आल्यावर मिळते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा गाडी नसणे म्हणजे काय हे आमच्या विद्यार्थिनींनी अनुभवले. कितीतरी मुली त्या सत्रात वर्गात दिसल्या नाहीत. मुलगे मात्र कोणाच्या ना कोणाच्या मोटारसायकलवर बसून येत राहिले. संपकऱ्यांच्या मागण्यांना माझा विरोध नव्हता, आजही नाही. येथे सांगायचे ते एवढेच की, सार्वजनिक गाडी बंद पडली की सगळेच सारखे घरी बसत नाहीत.

ह्या पार्श्वभूमीवर कोणत्याही लहान शहराच्या आराखड्यात 'बसस्थानक शहराबाहेर हलवणे' हा प्रस्ताव दिसला की सावध व्हावे. कारण दिलेले असते ते कोंडी कमी करण्याचे. कोंडी कमी होतेही. पण स्थानक तीन किलोमीटर बाहेर गेले की खेड्यातून आलेल्या माणसाच्या एस. टी.च्या भाड्यावर रिक्षाचे भाडे चढते. मोटारसायकलवाल्याची पाच मिनिटे वाचली ती त्या रिक्षाभाड्यातून वाचली.

रेल्वेचा प्रश्न ह्याहून बिकट. मराठवाड्यात आणि खानदेशात अनेक लहान शहरे लाईनीने दुभंगलेली आहेत. आमच्या गावी बाजारपेठ, कचेऱ्या, महाविद्यालय लाईनीच्या अलीकडे, वस्ती पलीकडे. मधे फाटक होते. रेल्वेने सुरक्षिततेसाठी फाटके कमी करण्याचे धोरण घेतले. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची सगळी फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, आणि पहाऱ्याच्या फाटकांच्या जागी पूल किंवा भुयारी मार्ग होऊ लागले. त्या धोरणाने माणसे वाचली ह्यात शंका नाही. पण उड्डाणपूल वाहनासाठी बांधलेला असतो. वाहनाला चढ हळूहळू हवा, म्हणून पूल दोन्ही बाजूंना लांब उतरतो. मोटारीला ती लांबी दीड मिनिटाची. डोक्यावर भारा असलेल्या बाईला ती अर्ध्या तासाची. भुयारी मार्ग जवळचा, पण पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. मग माणूस काय करतो? काल जेथे फाटक होते तेथूनच लाईन ओलांडतो. फाटक होते तोवर तो वाटसरू होता. आता रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हेगार आहे. माणूस तोच आणि वाटही तीच. मधल्या काळात फक्त एक पूल झाला.

पुलाला पायऱ्या असाव्यात, ज्या बाजूला वस्ती त्या बाजूला उतरणाऱ्या, एवढी साधी मागणी मांडायला आमच्याकडे कोणी नव्हते. पायऱ्यांचा खर्च पुलाच्या खर्चापुढे काहीच नसतो. चाळीसगावच्या मोरीच्या कठड्याचाही नसता.

आता त्या अठरा आकड्याकडे येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ह्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा करायचा असतो. त्यात कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती व्यापारासाठी, कोठे शाळा, कोठे बाग, आणि कोठून किती मीटरचा रस्ता, हे ठरते. समांतर रेघा म्हणजे प्रस्तावित रस्ता. अठरा म्हणजे त्याची रुंदी मीटरमध्ये. आमच्या वस्तीत समोरासमोरच्या दोन घरांमधली गल्ली सात-आठ फुटांची आहे. अठरा मीटर म्हणजे एकोणसाठ फूट. गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरांची रांग त्या रेघांमध्ये जाते, आणि काही ठिकाणी तिच्या मागचीही.

रस्त्याची रेघ वस्तीतूनच का जाते? कोणी मुद्दाम द्वेषाने काढली, असे मी म्हणणार नाही. नियोजनकाराच्या टेबलावर जमिनीची किंमत आणि मालकी असते. पेठेतून रेघ काढली तर भरपाई द्यावी लागते, दावे होतात, नगरसेवक येऊन बसतात. गायरानातून, नदीकाठच्या सरकारी जमिनीतून काढली तर भरपाई नाही, दावा नाही. आणि गायरानावर, नदीकाठी, लाईनीपलीकडे कोण राहते हे आपण जाणतोच. गावगाड्याने ज्याला कडेला ठेवले त्याच्या घरावरून रस्ता काढणे सर्वांत स्वस्त पडते. म्हणजे जातीने जमीन ठरवली, जमिनीने किंमत ठरवली, किमतीने रेघ ठरवली. नकाशापर्यंत येईतो जात दिसेनाशी होते, फक्त काटकसर दिसते.

कायद्यातील एक तरतूद येथे सांगितली पाहिजे. कलम १२७ प्रमाणे, एखाद्या खाजगी जमिनीवर आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत ती संपादन केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडते. तरतूद न्याय्यच आहे. कोणाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवू नये. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी सातबारावर नाव लागते आणि वकील लागतो. त्यामुळे काय होते? बड्या जमीनमालकाच्या शेतावरची बागेची, मैदानाची आरक्षणे एकेक करून सुटतात. गायरानावरच्या वस्तीवरची रेघ कधीच गळत नाही, कारण जमीन आधीच सरकारची आणि नोटीस देणारा कोणी नाही. महार वतनाच्या जमिनींची कथा आणखी वेगळी. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या, पण परवानगी आणि नजराण्याच्या अटींसह. शहराभोवती वळणरस्ता होणार अशी कुणकुण लागली की ह्या जमिनींभोवती दलाल फिरू लागतात, आणि अटींची भीती घालून साठेखते लिहून घेतात. ह्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

रस्त्याच्या कामाचा आणखी एक संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात असे. आमच्या तालुक्यातून जिल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याची खडी तिच्यासारख्या बायांनी फोडली. त्या दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. आपल्या माणसांनी महाराष्ट्रातले किती मैल रस्ते हातांनी बांधले ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता हरकतीविषयी, कारण वाचकांपैकी अनेकांच्या गावी हा प्रसंग आज ना उद्या येणार आहे. आराखडा आकाशातून पडत नाही. कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो, म्हणजे आज कोणत्या जागेवर काय आहे त्याची पाहणी. खरी लढाई येथे आहे. त्या नकाशात वस्ती 'मोकळी जागा' म्हणून दाखवली गेली की पुढचे सगळे त्यावरच उभे राहते. रेघ काढणाऱ्याला तेथे घरे आहेत हे कागदावर दिसतच नाही. आमच्याकडे हेच घडले होते. म्हणून पहिली हरकत रस्त्यावर घेऊ नये, पाहणीवर घ्यावी. वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादी, अंगणवाडी, जे असेल ते जोडावे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. पोच नसलेली हरकत म्हणजे तोंडी गाऱ्हाणे. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तेथे 'आमची घरे वाचवा' एवढेच म्हणून भागत नाही. पर्यायी रेघ दाखवावी लागते. तीच रेघ तीस मीटर बाजूने नेली तर काय होते, रुंदी बारा केली तर काय बिघडते, हे विचारावे. रस्ता नकोच, अशी भूमिका मात्र घेऊ नये. रुग्णवाहिका येत नाही, अग्निशामक बंब येत नाही, ही आपल्याच वस्त्यांची तक्रार आहे. आपल्याला रस्ता हवा आहे, घरावरून नको आहे.

चौकातल्या भाजीवाल्या, चांभार, चहाच्या गाड्यावाले ह्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही असे तो सांगतो, आणि शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असेही सांगतो. रुंदीकरणाच्या नावाखाली जेसीबी आला तर हा कायदा हातात असावा. पायवाटेविषयी सांगायचे तर, किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असे इंडियन रोड्स काँग्रेसच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे. इंजिनिअरांचे शास्त्र आपल्या विरुद्धच आहे असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्याच पुस्तकातले पान उघडून दाखवता आले पाहिजे.

पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विद्वान १९१९ ते १९२४ ह्या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होता. शहराचा आराखडा करण्यापूर्वी गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, असा त्याचा आग्रह असे. शंभर वर्षांत त्याचे नाव अभ्यासक्रमात राहिले, हिंडणे राहिले नाही.

आम्ही ते आमच्या परीने केले. महाविद्यालयातील दहाबारा मुलेमुली घेऊन फाटकाच्या जागी, मजूर अड्ड्यावर आणि मोंढ्याच्या तोंडाशी पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत बसलो. वाहने मोजली नाहीत, माणसे मोजली. कोण पायी, कोण सायकलवर, कोणाच्या डोक्यावर ओझे, कोणाच्या कडेवर मूल, अशा रेघोट्या मारल्या. आकडे येथे देत नाही. ते हरकतीसोबत जोडले आहेत आणि त्यांची छाननी अजून व्हायची आहे. मुलांना आधी हे काम हलके वाटले होते. दुपारनंतर एका मुलीने तक्ता माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "सर, ह्या रांगेत आता माझी आई येईल. तिला मी मोजू का?" मी मोज म्हणालो.

सुनावणीचे पत्र आले आहे. वार बुधवार, वेळ सकाळी अकराची, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाचा खाडा. एकाच हरकतीवर सगळ्यांनी येण्याची गरज नाही, एका प्रतिनिधीने चालेल, असे पालिकेच्या कारकुनाने सुचवले. वस्तीत बैठक झाली तेव्हा तात्यांनी नकाशा पुन्हा पसरला. ह्या वेळी त्या कोऱ्या तुकड्यावर मुलांनी पेन्सिलीने घरे काढली होती, एकेका घराला क्रमांक दिला होता. तात्यांनी आपला क्रमांक शोधला, त्यावर बोट ठेवले आणि विचारले, अकरा म्हणजे अकरालाच सुरू होतं की बसवून ठेवतात? कारण मोंढ्यात दुपारी दोनला गाडी लागते. चौदा जण येणार असे ठरले आहे.